डोळ्यांची 'जीन टेस्ट' आणि माझे चोवीस हजार

दिवाळीनंतर आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मोफत नेत्रतपासणी शिबिर लागलं. चष्म्याचा नंबर काढून घ्यावा म्हणून गेले. फॉर्मवर प्रश्न होता, घरात कुणाला डोळ्याच्या पडद्याचा आजार? मी 'आई' लिहिलं आणि तिथेच सापडले.

आईला सत्तरीनंतर मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, आजार झाला होता. दारात कुणी आलंय हे तिला कडेनं कळायचं, पण समोर बसलेल्या माझा चेहरा दिसायचा नाही, आवाजावरून ओळखायची. ते पाहिलेल्या माणसाला "काकू, तुमच्या जीन्समध्येही असू शकतं" एवढं वाक्य पुरतं. बोलणारी मुलगी पांढऱ्या कोटात. डॉक्टर आहेस का, हे मी विचारलंच नाही.

जीन टेस्टचे 14,500 रुपये तिथल्या तिथे मोबाइलवरून भरले. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. पाचच मिनिटांपूर्वी मी चहा-बिस्किट खाल्लं होतं. काही खाल्लंय का, असंही कुणी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी 38 पानी रंगीत रिपोर्ट आला, 'धोका 3.7 पट'. कुणाच्या 3.7 पट, ते कुठेच नाही. मागोमाग फोन, सहा महिन्यांच्या गोळ्या 9,600 रुपये. त्याही घेतल्या. (हसा खुशाल.)

लेक माहेरी आली तेव्हा तिने तो रिपोर्ट नीट वाचला. एकविसाव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'पुरुष, वय 71'. मी 58 वर्षांची बाई!

मग आईच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून त्यांनी पडदा पाहिला. या आजाराची सुरुवातीची खूण असलेला पिवळट ठिपकासुद्धा नाही. म्हणाले, या आजाराशी सीएफएच जनुकाचा संबंध आहे हे 2005 मध्येच सापडलंय, ते खोटं नाही. पण तुमचा रिपोर्ट अस्सल असता तरी मी वेगळं काय सांगणार होतो? पडदा तपासत राहा, रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी या. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संघटनाही ही टेस्ट सरसकट करू नका म्हणते. गोळ्यांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, 2001 साली, अशा गोळ्यांनी आजार वाढण्याचा धोका सुमारे 25 टक्के कमी केला, पण तो मधल्या टप्प्यावर पोचलेल्यांमध्ये. आजारच नसलेल्यांना फायदा दिसला नाही.

बोलता बोलता त्यांनी बाटली फिरवून लेबल वाचलं आणि विचारलं, "घरात कुणी सिगरेट ओढतं का?" गोळीत बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारं द्रव्य, होतं. सिगरेट ओढणाऱ्यांना त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून या गोळ्यांच्या नंतरच्या, 2013 च्या नुस्ख्यात त्याऐवजी ल्युटीन आणि झिआझँथिन हे दुसरे घटक आले.

आमच्याकडे कुणी ओढत नाही. पण त्याच शिबिरातून तीच बाटली खालच्या मजल्यावरच्या काकांनी घेतली होती, आणि त्यांचं दिवसाला एक पाकीट. त्या रात्री जेवायच्या आधी मी खाली गेले.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. कंपनीचा फोन मात्र परवा आला, "काकू, गोळ्या संपत आल्या असतील ना?"