सिस्टिम फाइल बिघडली तर विंडोजकडूनच बदलून घ्या: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात अपडेट चालू असतानाच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी संपलेली होती, त्यामुळे संगणक तिथेच बंद पडला. नंतर सुरू झाला, पण सेटिंग्ज उघडेना. बायकोच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर क्लिक केलं की ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही’ असा मेसेज. डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमना चालायला लागणारी सामायिक फाइल.

जवळच्या दुकानात नेला. त्यांनी कुठल्याशा साइटवरून तेवढी एकच फाइल उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकली. तो मेसेज गेला आणि त्याच्या जागी ‘७बी’ने संपणारा एरर आला. घरी शोधल्यावर कारण कळलं. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या सिसवॉव६४ मध्ये. नावं वाचून नेमकं उलटं वाटतं. दुकानातून आलेली फाइल ३२ बिटची होती, प्रोग्रॅम ६४ बिटचा. त्याहून मोठी भीती म्हणजे ती फाइल कुणी चढवली आणि तिच्यात काय आहे, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. आमचे बँकेचे व्यवहार याच मशीनवर होतात. फाइल लगेच काढली आणि अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन लावला.

ही डीएलएल मुळात व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल या मायक्रोसॉफ्टच्या फाइलींच्या संचातून येते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्याचे एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) असे दोन्ही इन्स्टॉलर घेऊन चालवले, मशीन रीस्टार्ट केलं आणि हिशेब उघडला. दहा मिनिटंही लागली नाहीत.

सेटिंग्जचं दुखणं वेगळं, कारण ते विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून आधी एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) ही विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवली. काही फाइली खराब आहेत, पण दुरुस्त करता आल्या नाहीत, असं उत्तर आलं. इथे बरेच जण थेट फॉरमॅटकडे वळतात. थांबा. एसएफसी चांगली प्रत विंडोजच्याच साठ्यातून घेतं, आणि तो साठाच खराब असेल तर ते तरी काय करणार? साठा दुरुस्त करायचं काम विंडोजमधल्याच डिझम (DISM) या टूलचं. त्याची रिस्टोअरहेल्थ कमांड गरजेच्या फाइली विंडोज अपडेटवरून आणते, म्हणून नेट चालू हवं. माझ्याकडे ती ६२.३ टक्क्यांवर इतका वेळ थांबली की अडकली असंच वाटलं. खिडकी बंद करू नका, आकडा पुढे सरकतो. त्यानंतर एसएफसी पुन्हा चालवलं आणि सेटिंग्ज उघडलं. आता मी आधी डिझम आणि मग एसएफसी, असाच क्रम ठेवतो.

कोणती फाइल बदलली हे एसएफसी स्क्रीनवर नीट सांगत नाही. त्यासाठी सीबीएस लॉग (विंडोजने ठेवलेली नोंदींची फाइल) उघडावा लागतो आणि तो वाचणं किचकट आहे. ही मला खरी उणीव वाटते.

जानेवारीत लाइट न जाताही फाइली पुन्हा बिघडल्या, तेव्हा मात्र शंका आली. हार्ड डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिली तर बॅड सेक्टर (डिस्कचे खराब झालेले भाग) वाढत होते. अशा डिस्कवर कितीही वेळा फाइल बदलली तरी ती टिकणार नाही. आधी फोटो आणि हिशेब बाहेर काढून घेतले, मग एसएसडी बसवली आणि यूपीएसची बॅटरीही बदलली. तेव्हापासून महिन्यातून एकदा एसएफसी चालवतो. अजून एकही खराब फाइल निघालेली नाही.