कुंभारवाड्याची तीन मजली खतकुंडी: सव्वा वर्षानंतर

बत्तीस वर्षं मोटरमन होतो. स्टेशनात गाडी अर्धा मिनिट थांबवायची, त्यापुढच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब द्यायचा. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांनी फळ देणारी वस्तू घरी आणली, तेव्हा आमची ही म्हणाली, "आठवड्यात माळ्यावर जाईल."

वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायची, भाजक्या मातीची, एकावर एक बसणारी तीन मडकी आणि झाकण. वरच्या दोघांच्या बुडाला सुतळीची जाळी, खालचं बंद. धारावीच्या कुंभारवाड्यात नव्वद फुटी रस्त्यालगतच्या एका दुकानातून घेतली, बाराशे रुपयांना. जायचं असेल तर दिवाळीच्या आधीचा महिना टाळा. पणत्यांच्या राशींतून पाय टाकायला जागा नसते आणि दुकानदाराला मान वर करायला सवड नसते. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती. भट्ट्यांचा धूर डोळ्यांत जातो, रुमाल जवळ ठेवा.

माझी चूक आधी सांगतो. मडकं टिचकी मारून घ्यावं हे आईने शंभर वेळा सांगितलेलं, आणि मी भाव करण्यात विसरलो. घरी येऊन वाजवलं तर दोन खणखणीत, तिसरं बद्द. बारीक चीर. दुकानदाराने फोनवर "टॅक्सीत गेली असेल" म्हणून हात झटकले. झाकणही एका बाजूने उचललेलं राहतं. म्हणून पाचापैकी चारच गुण.

वापर सोपा, पण हात आवरावा लागतो. सालं, देठं, चहाचा चोथा वरच्या मडक्यात, आणि दर वेळी मूठ-दोन मूठ सुकी पानं किंवा सुताराकडचा भुसा. पहिल्या पंधरवड्यात मी उरलेली आमटीसुद्धा ओतली. असा वास सुटला की शेजारच्या वहिनींनी ड्रेनेज तुंबलंय का म्हणून विचारलं. वर अळ्या. घाबरू नका, अळ्या खतच करतात. ओल जास्त झाली एवढाच त्याचा अर्थ. भुसा वाढवला, आंबट ताक शिंपडलं, चार दिवसांत वास गेला. प्लास्टिकच्या डब्यात हे जमलं नव्हतं. मातीच्या अंगातून ओल बाहेर जाते, प्लास्टिकमध्ये पाणी साचतं. पावसाळ्यात मात्र मडकी ग्रिलपासून आत ओढा, झड आली की सगळा चिखल.

वरचं मडकं भरायला आम्हां दोघांना महिना लागतो. मग ते मधे, मधलं रिकामं करून वर, आणि अर्धवट झालेलं तळाला. रोज झाकण उचलून बघायचो, सिग्नल बदलला का तसं. काही बदलत नाही. मग एक दिवस बघायला विसरलो, दुसऱ्या दिवशीही. आठवड्याने उघडलं तर भरलेलं मडकं अर्ध्यावर बसलेलं आणि हाताला ऊब लागत होती.

तयार खत चाळायला पिठाची जुनी चाळणी मिळाली, अर्थात भांडून. काळं, मोकळं, पहिल्या पावसात अंगणाला येतो तसा वास. चाळणीत अंड्याची टरफलं आणि लिंबाच्या बिया उरतात, त्या परत वरच्या मडक्यात. जानेवारीत मोगरा छाटून हेच खत घातलं होतं. एप्रिलमध्ये एका सकाळी अकरा कळ्या मोजल्या. मोजण्यात दहा मिनिटं गेली, कोणी लेखी उत्तर मागितलं नाही.

कोयी मात्र टाकू नका, कुजायला फार वेळ घेतात. जुलैत मधल्या मडक्याच्या काठावरून तांबूस पानांचं एक रोप डोकावलं. मे महिन्यातला हापूस. कोयीचं झाड, हापूसच येईल असं नाही, आणि फळाला सहज सात-आठ वर्षं. ते आता बद्द वाजणाऱ्या मडक्यात लावलंय, चिरेतून जास्तीचं पाणी आपोआप निघून जातं. बदली मडकं आणायला पुढच्या आठवड्यात धारावीला जाणार आहे. ही सोबत येतेय, टिचक्या मारायला.