शाळेत भाषण ठोकायचं की चार पोरं साइटवर न्यायची?

जानेवारी आला की सांगलीतल्या आपल्यासारख्या सिव्हिलवाल्यांना शाळांचे फोन सुरू होतात, "सर, दहावीच्या मुलांना जरा मार्गदर्शन करा". आता मार्गदर्शन दोन तऱ्हेनं होतं. एकतर हॉलमधे तासभर बोलायचं, नाहीतर पाच-सहा पोरं घेऊन दोन महिने रविवारी बसायचं. पहिलं मी बरीच वर्षं केलं, दुसऱ्याचं हे तिसरं वर्ष.

भाषणाला वेळ कमी लागतो. आणि सव्वाशे पोरांच्या कानावर एका दमात पडतं की डिप्लोमा करून थेट डिग्रीच्या सेकंड इयरला जाता येतं, आयटीआयला ड्राफ्ट्समनचा, म्हणजे नकाशे काढायचा, ट्रेड आहे, आर्किटेक्चरला ५ वर्षं लागतात आणि नाटा ही प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते. खेड्यातनं येणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळं भाषण फुकट जातं असं मी म्हणणार नाही. शाल-नारळात वीस मिनिटं जातात, ते पण चालतंय एकवेळ.

माझ्या डोक्यात गेलं ते "होऽऽ सर". समजलं का? होऽऽ सर. बीमला मधे सळई खालच्या बाजूला जास्त का, कळलं ना? होऽऽ सर. एका शाळेत, नाव कशाला घ्या, मी वैतागून मुद्दाम उलटं म्हणालो, "मग काँक्रीट वाळल्यावर आपण वरनं सळया टोचतो, बरोबर?" होऽऽ सर! मागं उभ्या असलेल्या मास्तरांनीपण मान डोलवली. विश्रामबागपर्यंत गाडीत तेच कानात.

अमेरिकेत एसीई मेंटॉर म्हणून उपक्रम आहे, चार्ल्स थॉर्नटन या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं १९९०च्या दशकात न्यूयॉर्कमधे सुरू केलेला, क्वालालंपूरच्या पेट्रोनास टॉवर्सचं काम केलेला माणूस. त्यात हायस्कूलच्या पोरांची टीम इंजिनिअर-आर्किटेक्टबरोबर वर्षभर एक खोटा प्रोजेक्ट करते आणि शेवटी सगळ्यांसमोर मांडते. आमची त्याची गावठी आवृत्ती. पहिल्या रविवारी आपलंच घर टेपनं मोजायचं आणि १:५० ला, म्हणजे पन्नासपट लहान करून, कागदावर काढायचं. खोल्यांची बेरीज बाहेरच्या मापाशी जुळतच नाही, कारण भिंतीची जाडी विसरलेले असतात, पण ते मी सांगत नाही, बसू देतो डोकं खाजवत.

त्रास आहेच. साइटच्या मालकाची परवानगी, पालकांची चिठ्ठी, हेल्मेट, बूट, आणि स्लॅब ओतायच्या दिवशी किंवा सेंट्रिंगखाली (स्लॅबच्या फळ्या-टेकूंखाली) पोरं न्यायचीच नाहीत, प्लास्टर चालू असलेली साइट बरी. सहातली दोन मधेच गळतात, घरचे रविवारवरनं बोलतात ते वेगळंच. तुमची प्रॅक्टिस नवीन असेल, रविवारीपण साइटवर पळावं लागत असेल तर भाषणच घ्या, मला वाटतं त्यात कमीपणा काही नाही. पण वर्षाचे आठ रविवार निघत असतील तर मी तरी परत माईक धरणार नाही.

गेल्या वर्षी गावभागात एका बंगल्याचं काम होतं. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, त्याची खूण समोरच्या घराच्या भिंतीवर अजून आहे. पोरांना पारदर्शक नळीत पाणी भरून ती लेव्हल आमच्या साइटवर आणायला सांगितली, गवंडी आणतात तशी. बुडबुडा राहिला म्हणून दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. रेघ आली रस्त्यापासनं साडेपाच फुटावर, आमचं जोतं तीन फूट. पोरं गप्प. मग नववीतली एक मुलगी गेटजवळच्या भिंतीवरचा लाइटच्या मीटरचा खाचा बघत म्हणाली, "सर, मीटर बुडणार की ओ."

ड्रॉइंग माझंच होतं. सोमवारी मालकाला फोन करून मीटर जिन्यात वर घेतला.