पडवीला अ‍ॅल्युमिनियम, माजघराला फणस: तीन पावसाळ्यांनंतर

आंजर्ल्याचं आमचं घर कौलारू आहे आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पुढच्या पाख्याची निम्मी कौलं उडाली, माजघरावरची जुनी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, भिजून कुजली आणि परसातला फणस मुळासकट आडवा झाला. कौलं महिन्याभरात चढवली. सीलिंगला मात्र पैसा आणि धीर जमायला 2023 उजाडलं. ठाण्यातली नोकरी संपवून मी तेव्हा इथे कायमची राहायला आले होते, त्यामुळे प्रत्येक फळी आणि प्रत्येक पट्टी डोळ्यांसमोर बसली. आज ओटी आणि माजघराला लाकूड आहे, पुढच्या पडवीला अ‍ॅल्युमिनियम. नात्यातले लोक घरी आले की मान वर करून विचारतात, कुठलं चांगलं? त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी चुकलेलं काम सांगते. ओटीसाठी आम्ही एका वखारीतून सागवानी फळ्या घेतल्या आणि त्यांनीच पाठवलेल्या माणसांकडून मार्चमध्ये बसवून घेतल्या. नर-मादी खाचेच्या (एकीची कड दुसरीच्या खाचेत बसते अशा), सहा इंच रुंद, एकमेकींना घट्ट भिडवलेल्या. दिसायला देखण्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या चार फळ्या पोट काढून खाली आल्या आणि दोन ठिकाणी खिळे उपटले. वखारवाल्यांनी फोनवर सांगितलं, "कोकणात असं होतंच."

होतं, पण टाळताही येतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. सहा इंची फळी पावसाळी हवेत मिलिमीटर-दीड मिलिमीटर सहज फुगते. वीस फळ्या ओळीने लावल्या की इंचभर झालं, आणि त्या इंचाला भिंतीत जागा नसेल तर फळी खालीच येणार. सागवान भारी असलं म्हणून हा हिशेब चुकत नाही.

ते काम उतरवून गावातल्या सुतारकाकांनी पुन्हा केलं. त्यांनी दोन फळ्यांच्या मध्ये रुपयाचं नाणं उभं धरून फट सोडली, भिंतीच्या कडेला अर्धा इंच मोकळा ठेवला आणि ती कड वरून पट्टीने झाकली. म्हणाले, "वहिनी, पावसात ही फट मिटेल, दिवाळीनंतर परत दिसेल. घाबरायचं नाही." अगदी तसंच होतं. ऑगस्टमध्ये फटीत पोस्टकार्ड जात नाही आणि जानेवारीत नाणं आरामात जातं.

माजघराचं काम त्यांच्याकडेच दिलं, आणि तिथे विकतचं लाकूड आणलं नाही. पडलेल्या फणसाच्या पाऊण इंची फळ्या कापून घेतल्या होत्या. मागच्या पडवीत सावलीत, प्रत्येक दोन थरांमध्ये आडव्या पट्ट्या घालून त्या दोन वर्षं रचून ठेवल्या. सालीकडचा पांढरा भाग काकांनी सगळा काढायला लावला, कारण कीड आधी तोच धरते. राहिला तो पिवळा गाभा. बसवला तेव्हा हळदीसारखा पिवळाधमक होता. दर वर्षी थोडा थोडा उतरत आता मधाच्या रंगावर आला आहे, आणि ज्या फळ्यांवर खिडकीचा उजेड पडतो त्या बाकीच्यांच्या पुढे गेल्या आहेत. घरातलं दुसरं काही मला इतकं आवडत नाही.

फळ्यांच्या वरच्या अंगाला, वाळवी आणि भुंग्यापासून, काजूच्या टरफलाचं तेल दिलं. अंगाला लागलं तर कातडी उतते, तेव्हा हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. खालच्या अंगाला मी हौसेने कच्चं जवसाचं तेल दिलं ती माझी चूक. पहिल्याच पावसात करडी बुरशी धरली. ती पुसून, हिवाळ्यात फळ्या वाळल्यावर घासून, पॉलिश मारून घेतलं, तेव्हापासून नाही. जुन्या घरांत चुलीच्या धुराने वासे टिकायचे असं सासूबाई सांगायच्या. आता गॅस आहे, तर ते काम तेलाने आणि आपल्या डोळ्यांनीच करायला हवं.

पडवीचं म्हणाल तर तिथे मी लाकडाचा हट्ट धरला नाही, आणि ते बरंच केलं. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी आहे, पावसाचा सडाका आत येतो, मागे ओले रेनकोट वाळत असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या 84 मिमी रुंद पट्ट्या, मध्ये 16 मिमी फट, वर पांढरं पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा भाजून बसवलेला रंग. वजन नावाला. अर्धा इंच सागवान चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास भरतं, हा पत्रा चौरस मीटरला दोन किलोही भरत नाही, तेव्हा पडवीच्या बारीक वाशांवर काही ताण नाही. चौरस फुटाच्या हिशेबाने ओटीच्या सागवानाचं बिल याच्या अडीचपट झालं होतं, फुकट गेलेली मजुरी सोडून.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट मला 2024 च्या जूनमध्ये कळली. पडवीत एका जागी टिपूस पडायला लागलं. पुतण्याने शिडी लावली, तीन पट्ट्या बोटांनी दाबून सोडवल्या, हात वर घालून तडकलेलं कौल सरकवलं आणि नवं बसवलं. वीस मिनिटांत काम संपलं. घर कौलारू असेल तर सीलिंगच्या वर काय चाललं आहे ते बघता आलंच पाहिजे. वर उंदीर असतात, खारीची घरटी असतात, मे महिन्यात कौलं परतणारा माणूस असतो. खिळे ठोकून बंद केलेलं सीलिंग, मग ते कशाचंही असो, कौलाखाली घालू नये असं माझं ठाम मत झालं आहे. माजघरात आम्ही म्हणूनच मधल्या दोन फळ्या नुसत्या स्क्रूवर ठेवल्या आहेत.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, असं दुकानदार सांगतात. ते लोखंडासारखं गंजत नाही, एवढंच खरं आहे. त्याच्या अंगावर आपसूक एक पातळ थर धरतो आणि तो आतल्या धातूला राखतो. समुद्राचं मीठ तो थर कुरतडतं. आमच्या पट्ट्या जिथे ग्राइंडरने कापल्या त्या टोकांना दीड वर्षात पांढरी भुकटी दिसायला लागली, कारण कापलेल्या कडेवर कोटिंग नसतं. त्याहून वाईट म्हणजे बसवणाऱ्याने साधे लोखंडी स्क्रू वापरले होते. पांढऱ्या पट्ट्यांवर तपकिरी ओघळ आले, डाग अजून आहेत. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागा, पिशवी फोडून स्वतः बघा, आणि कापलेल्या कडांना जागेवरच रंग लावायला सांगा. कोटिंग किती मायक्रॉन जाड आहे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ते बिलावर लिहून घ्या. 60 च्या खाली समुद्रकाठी घेऊ नका.

आणखी एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. उघड्यावरच्या पत्र्याचं मीठ पाऊस धुऊन नेतो, पडवीच्या सीलिंगचं नेत नाही, कारण पाऊस तिथे खालून लागत नाही. ते साचतच राहतं. मी आता ऑक्टोबरात आणि होळीच्या आधी विहिरीच्या गोड पाण्याने, मऊ फडक्याने प्रत्येक पट्टी पुसते. दोघींनी मिळून केलं तर एका सकाळचं काम.

लाकडासारखं दिसणारं अ‍ॅल्युमिनियमही दुकानात दाखवलं होतं. दुरून ते फसवतं. खाली उभं राहून बघितलं तर एकच गाठ, तीच वळणं, दर पट्टीवर त्याच अंतरावर. आमच्या फणसावर अशा दोन गाठी सारख्या नाहीत. ज्याच्या घरावर सिमेंटचा स्लॅब आहे आणि फक्त रंग हवा आहे त्याने ते जरूर घ्यावं, मला घेववलं नाही.

आवाजाचं म्हणाल तर पडवीत भांडं पडलं की घुमतं, माजघरात घुमत नाही. रात्री पट्ट्यांवरून उंदीर गेला तर सगळं घर जागं होतं. म्हणून जिथे झोपायचं तिथे मी अ‍ॅल्युमिनियम घालणार नाही.

मागची पडवी राहिली आहे. तिच्यावर पत्रा आहे, दुपारी उकाड्याने तिथे बसवत नाही, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या घालताना वर चंदेरी फोमची गादी अंथरायची असं ठरलं आहे. स्टेनलेसचे स्क्रू दापोलीहून आणून कपाटात ठेवले आहेत. बसवणारा आला की डबी मी त्याच्या हातात देणार, आणि काम होईपर्यंत शिडीशेजारी उभी राहणार.