चाळिशी ओलांडल्यावर आयटी: क्लास, पदवी की आपल्याच कामातून वाट?

पीथमपूरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारे, सियागंजात व्यापाऱ्याचे हिशेब लिहिणारे, खासगी शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई. इंदूरच्या मराठी घरांतून अशी चाळिशीपुढची माणसं हल्ली विचारतात, आता आयटीत जाता येईल का? येईल. पण सुपर कॉरिडॉरवरचे टीसीएस-इन्फोसिसचे कॅम्पस डोळ्यांसमोर असतील तर ते आधी बाजूला ठेवा. तिथली नवशिक्यांची भरती बहुतेक कॉलेजांमधून होते आणि अर्जात पदवीचं वर्ष विचारतात. २००४ लिहिलंत की चाळणी तिथेच लागते. म्हणून कोर्स नंतर, शिरायचं कुठून ते आधी ठरवा.

खरी ओढाताण असते ती दोन वाटांमध्ये. एक, सहा महिन्यांचा ‘फुल स्टॅक’ क्लास, म्हणजे वेबसाइटची दिसणारी आणि पडद्यामागची दोन्ही बाजू बनवायला शिकवणारा. दुसरी, आपल्याच कामाला लागून असलेलं ईआरपीचं काम, म्हणजे कंपनीची खरेदी, साठा, हिशेब एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं.

क्लासची जमेची बाजू मी नाकारत नाही. ठरलेली वेळ, अडलं की विचारायला माणूस. नोकरी करून रात्री एकट्यानं शिकणं भल्याभल्यांना जमत नाही. अडचण पुढे येते. मुलाखतीला शेजारी बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाकडे तोच प्रोजेक्ट असतो, आणि तो उद्या बॅग उचलून पुण्याला किंवा बेंगळुरूला जाऊ शकतो. शिवाय सोपा कोड आता एआय लिहून देतं, त्यामुळे नवशिक्याच्या हाती पूर्वी जे काम पडायचं तेच आधी कमी होतंय. फीचे हप्तेही नीट वाचा. ‘नोकरी लागल्यावर पैसे द्या’ म्हणतात, पण सही पुष्कळदा फायनान्स कंपनीच्या कर्जाच्या कागदावर असते. क्लास बंद पडला तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जातो.

ईआरपीकडे पाहा. पंधरा वर्षं ज्यानं जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदी) काढल्या, रिजेक्ट झालेला माल पुरवठादाराकडे परत कसा जातो आणि डेबिट नोट कुणी अडवून ठेवली हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला सॅप या मोठ्या ईआरपी सॉफ्टवेअरचं एमएम (खरेदी-साठा) किंवा क्यूएम (गुणवत्ता) मॉड्यूल परकं वाटत नाही. तेच व्यवहार तिथे स्क्रीनवर असतात. अकाउंट्सवाल्याला फायको, म्हणजे सॅपचं हिशेबाचं मॉड्यूल, तसंच. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा रात्री जागून ज्यांनी नोंदी बसवल्या, त्यांना कर-कोड वेगळा शिकवावा लागत नाही. इथे वय अंगावर येत नाही, कारण स्टोअरकीपरसमोर बसून त्याची अडचण समजून घेणारा माणूसच लागतो. मुहूर्तही बरा आहे. सॅपच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, त्यामुळे कंपन्या एस-फोर हाना या नव्या आवृत्तीवर सरकताहेत.

मेख एकच. नुसतं सर्टिफिकेट पाहून कुणी घेत नाही, ‘इम्प्लिमेंटेशन केलंय का’, म्हणजे एखाद्या कंपनीत ही यंत्रणा बसवलीय का, असं विचारतात. त्यामुळे बाहेर कोर्स शोधण्याआधी आपल्याच कारखान्यात ‘की यूजर’ (ईआरपीच्या कामात आपल्या विभागाची बाजू सांभाळणारा माणूस) म्हणून नाव पुढे करा, पगार एक रुपयानंही वाढला नाही तरी. सांवेर रोडवरच्या छोट्या युनिटात सॅप नसेल, टॅली असेल. तिथे एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पॉवर बीआय (रिपोर्ट-आलेख बनवायचं सॉफ्टवेअर) शिकून मालकाला रिपोर्ट करून द्यायला लागा.

पगाराची तुलना कडू आहे. मोठ्या कंपन्यांत फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात आणि दहा-बारा वर्षांत हा आकडा फारसा हललेला नाही. क्लास करून शिरलात तर तिथपासून सुरुवात, घराचा हप्ता चालू असतानाही.

पदवी हवी असेल तर दोन नावं पुरेत. इग्नूचं एमसीए दोन वर्षांचं, चार वर्षांपर्यंत लांबवता येतं. फी पन्नास हजारांच्या आत-बाहेर. बीकॉमवर बढती अडलेल्यांना ते सोयीचं, पण बारावीला किंवा पदवीला गणित होतं का ते तपासा. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी २०२१ पासून चालू आहे. जेईई नाही, वयाची अट नाही. आधी चार आठवड्यांचा क्वालिफायर, म्हणजे प्रवेशाआधीचा अभ्यास आणि परीक्षा. खर्च तीन लाखांच्या वर आणि किमान चार वर्षं, पण मध्येच डिप्लोमा घेऊन थांबता येतं. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यायच्या. सुरुवातीला गणित, संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, म्हणजे गणिताच्या बाईंना ही वाट सगळ्यांत जवळची.

सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामाची, म्हणजे टेस्टिंगची, आयएसटीक्यूबी फाउंडेशन ही प्रमाणपत्र परीक्षा ४० प्रश्नांची, एक तासाची, २६ बरोबर आले की पास. क्वालिटीतल्या माणसाला चांगली, फक्त सोबत ऑटोमेशन, म्हणजे चाचण्या आपोआप चालवणारे प्रोग्राम लिहिणं, लागतंच.

खिशातून काही न घालता मन अजमावायचं असेल तर एनपीटेल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तरच हजार रुपये. बारा आठवड्यांचा पायथनचा एक कोर्स असाइनमेंटांसकट पुरा झाला नाही, तर लाखाचा क्लासही होणार नाही.

आणि तो पुरा होऊनही क्लासच लावायचा असेल, घरात दुसरा पगार असेल, तर क्लासच्या काउन्सेलरला एकच मागा: मागच्या बॅचमधले चाळिशीपुढचे दोघे आज कुठे आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलणं करून द्या. टाळाटाळ झाली तर डेमो लेक्चरचा चहा पिऊन निघून या.