पहिला कॅमेरा: जुना डीएसएलआर घ्यायचा की नवा मिररलेस?

भाची यंदा कॉलेजला गेली आणि तिला कॅमेरा पाहिजे, त्यामुळं घरात दोन महिने एकच विषय. जुना डीएसएलआर घ्यायचा का नवा मिररलेस, आणि आमच्या दाजींचं तिसरंच, मोबाईल आहे की हातात, त्यानं काय होत नाही? माझ्याकडं कॅननचा १५००डी हा डीएसएलआर आहे, मित्राकडं कॅननचाच मिररलेस आर५०. यंदा सोलापुरात गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, दोन्ही गळ्यात अडकवले आणि तिला घेऊन नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीला गेलो, म्हटलं घरी बसून युट्यूब बघण्यापेक्षा हितंच काय ते कळेल.

आधीच सांगतो, दोन्हीत सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, एपीएस-सी या एकाच मापाचा, दोन्ही २४ मेगापिक्सेल, दिवसाउजेडी काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून कुठला कशावर काढला विचारलं तर मलाही सांगता येणार नाही. क्वालिटीवरून भांडण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो शिकताना.

मिरवणुकीत सगळे पांढऱ्या बाराबंदीत. आता कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं काळं काही कळत नाही, तो समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं धरून चालतो, फ्रेमभर पांढरे कपडे आले की त्याला वाटतं उजेड लई झालाय आणि तो फोटो डार्क करून टाकतो. भाचीनं १५००डी वर फोटो काढला, स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "मामा, बाराबंदी राखाडी आली की." मग मी सांगितलं, एव्ही लिहिलेलं बटण दाबून धर आणि वरची चकती फिरव, प्लस एकवर ने, फोटो उजळेल. तिनं ते केलं, डोळा लावला, तर आत काहीच बदललेलं दिसेना. दिसणारच नाही, डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर म्हणजे आरशातून बघायची खिडकी, तुम्ही सेटिंग काय केलंय ते खिडकीला काय माहीत. परत काढ, परत स्क्रीन बघ, तोवर काठी पुढं गेलेली.

आर५० हातात दिला. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये छोटी स्क्रीनच असते, प्लस केलं की डोळ्यासमोर बाराबंदी पांढरी होत जाते, जास्त केलं की कपड्यावरच्या चुण्या गायब होतात तेही दिसतं. दहा मिनिटांत तिला कळलं, आणि मला आठवलं की हीच गोष्ट कळायला मला सहा महिने लागले होते, शंभर फोटो वाया घालवून. तरी लोकं छातीठोक सांगतात डीएसएलआरवर शिकलं की पाया पक्का होतो. मला नाही पटत. हे म्हणजे पोहायला शिकायचंय तर डोळे बांधून विहिरीत उतर म्हटल्यासारखं झालं.

फोकसचंही तसंच. १५००डी ला फोकसचे ९ पॉइंट, त्यातला मधला तेवढा भरवशाचा. आर५० माणसाचा डोळा स्वतः शोधून धरून ठेवतो, गर्दीत हे फार कामाचं. शिवाय त्याची स्क्रीन बाहेर निघून वळते, हात वर करून गर्दीच्या डोक्यावरून काठीचा फोटो घेता येतो, १५००डी ची स्क्रीन जागची हलत नाही आणि टचही नाही.

मग सरळ मिररलेसच घ्यावा ना? थांबा, पैशाचं बघू.

नव्या आर५० ला किट लेन्ससकट, म्हणजे सोबत मिळणाऱ्या लेन्ससकट, जेवढे पडतात त्याच्या साधारण निम्म्यात चांगल्या अवस्थेतला जुना डीएसएलआर मिळतो, उरलेल्यात ५० एमएम एफ १.८ लेन्स आणि ट्रायपॉड बसतो. आणि खरं शिक्षण त्या ५० एमएमनं होतं. एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त येतो. किट लेन्स दोन्हीकडं अंधाऱ्याच, उलट आर५० बरोबरची १८-४५ तर जास्तच, एफ ४.५ पासून सुरू होते आणि ६.३ ला संपते, डीएसएलआरची १८-५५ निदान ३.५ पासून सुरू होते. संध्याकाळी जत्रेच्या होम मैदानावर पाळण्यांच्या लाइटीत माणसाचा चेहरा काढायचा तर १.८ पाहिजेच. कॅननच्या ईएफ लेन्सा १९८७ पासून निघाल्यात, बाजारात ढिगानं जुना माल आहे. आर५० ला त्या अडॅप्टर लावून चालतात, पण अडॅप्टरचे पैसे वेगळे. बॅटरीतही डीएसएलआर पुढं, १५००डी एका चार्जवर कंपनीच्या हिशोबानं ५०० फोटो देतो, आर५० घेतला तर दुसरी बॅटरी खिशात पाहिजेच.

आर१०० म्हणून कॅननचा स्वस्तातला मिररलेस आहे, व्ह्यूफाइंडर आहे त्याला, पण स्क्रीन वळत नाही आणि टच नाही. बजेट मध्येच अडकलं असेल तर चालेल. सोनीचा झेडव्ही-ई१० व्हिडिओवाल्यांना आवडतो, पण त्याला व्ह्यूफाइंडरच नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडं दुपारी स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं, फोटो नाही.

जुना घेणार असाल तर हे नीट वाचा, कारण मी इथंच आपटलोय. माझा पहिला कॅमेरा निकॉनचा होता, डी३००० सिरीजमधला, दुकानदारानं सोबत ५० एमएम १.८ डी लेन्स गळ्यात मारली. घरी येऊन बघतो तर फोकस हलेना. त्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटरच नसते, लेन्समध्ये असावी लागते, म्हणजे एएफ-एस लिहिलेलीच घ्यायची. डी३५०० आणि डी५६०० मध्येही मोटर नाही, त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली चालते. निकॉनचं एक बरं आहे, शटर किती वेळा उडालंय, म्हणजे कॅमेरा किती वापरलाय, ते फोटोच्या फाइलमध्येच सापडतं, विकणाऱ्याला म्हणा आत्ता काढलेला एक फोटो जसाच्या तसा पाठव, व्हॉट्सॲपवर टाकायचा तर डॉक्युमेंट म्हणून टाकायला सांगा. लेन्स टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, घेऊ नका. सोलापूरच्या कोरड्या हवेतली लेन्स सहसा बरी निघते, मुंबई-कोकणात पावसाळे काढलेली जरा संशयानंच बघा. आपल्याकडचा शत्रू धूळ. लेन्स बदलताना आर५० सारख्या मिररलेसचा सेन्सर उघडाच पडतो, डीएसएलआरमध्ये पुढं आरसा आणि शटर असतं. एक ब्लोअर घ्या. आणि सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असू दे, लेन्स पुसायला नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काळवीट काढायचेत म्हणून कॅमेरा पाहिजे असेल तर गणितच वेगळं. (माळढोकाची आशा ठेवू नका.) एमएमचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं, ५५ एमएमवर काळवीट म्हणजे गवतातला ठिपका. निकॉन पी१००० सारखा १२५ एक्स झूमचा कॅमेरा तिथं लांबचं ओढून आणतो, पण त्याचा सेन्सर एपीएस-सी च्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढा, ऊन कलायला लागलं की फोटोत दाणे. त्यापेक्षा जुनी ५५-२५० लेन्स बघा.

मोबाईलचं म्हणाल तर इन्स्टापुरता मोबाईलच पुरे, दाजी तेवढ्यापुरते बरोबर. प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो किती उजळायचा ते, शिकता येतं. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं तो एफचा आकडा, मात्र बहुतेक मोबाईलला बदलताच येत नाही, अर्धा विषय तिथंच राहून जातो.

तर, ओढाताण होणार नसेल तर आर५०, डोळे झाकून. पैसे मोजूनमापून असतील तर जुना डीएसएलआर अधिक ५० एमएम, आणि त्याच्यावर मिररलेससारखं शिकायची एक युक्ती आहे. १५००डी लाइव्ह व्ह्यूवर टाकला, म्हणजे खिडकीऐवजी मागच्या स्क्रीनवर बघायला लागलो, की फोटो उजळ-डार्क होताना दिसतो. त्यात फोकस रडतखडत होतो, पण ट्रायपॉडवर लावून सिद्धेश्वर तलाव काढायचा तर घाई कुणाला आहे.

भाचीनं शेवटी जुना १५००डी आणि ५० एमएम लेन्स घेतली, दाजींनी तेवढेच मंजूर केले. ट्रायपॉडचे पैसे वाचवले म्हणाली, म्हणजे माझा नेलाय.