नेटवाल्याचा फुकटचा डबा: गेमला पाचपैकी दोन

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये घ्या नाहीतर नेरूळच्या सिडको सोसायटीत, फायबरचं कनेक्शन घेतलं की एक डबा फुकट मिळतो. ओएनटी (फायबरमधला प्रकाश नेटच्या सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र), राउटर आणि वायफाय असं तिन्ही त्या एकाच डब्यात असतं. सिनेमे, शाळेचं ऑनलाइन काम, ऑफिसच्या मीटिंगा यांना तो उत्तम. गेमला मात्र पाचपैकी दोन, आणि त्यातलाही एक गुण फुकट आहे म्हणून.

मॅचमध्ये लॅग येतोय अशी तक्रार केली की माणूस येतो, मोबाइलवर स्पीडटेस्ट लावतो, ९८ एमबीपीएस दाखवतो आणि जाताजाता ३०० चा प्लॅन घ्या म्हणतो. घेऊ नका. बीजीएमआय किंवा व्हॅलोरंट खेळताना धड एक एमबीपीएससुद्धा लागत नाही. डेटाची लहान लहान पुडकी, म्हणजे पॅकेट, वेळच्या वेळी पोचणं एवढंच गेमला हवं असतं. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. ठाण्यातून डब्याला लॅनची केबल लावून १० एमएसच्या (मिलिसेकंदांच्या) आसपास पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायचा वेळ, मिळायला हरकत नाही. गेमने सिंगापूरचा सर्व्हर पकडला असेल तर साठ-सत्तर दिसणारच, तो समुद्राखालच्या केबलचा हिशोब आहे, डब्याचा दोष नाही.

दोष कुठे आहे ते दहा मिनिटांत कळतं. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत पिंग १९२.१६८.१.१ -टी (डब्याचा पत्ता वेगळा असू शकतो, मागच्या स्टिकरवर असतो), दुसरीत पिंग १.१.१.१ -टी (हा बाहेरच्या इंटरनेटवरचा पत्ता), अर्थात इंग्रजी अक्षरांत. दोन्ही चालू ठेवून एक मॅच खेळा. पहिल्या खिडकीत वायफायवर २ ते ५ एमएस दिसायला हवं, केबलवर १ च्या आत. ती ओळ २, ३, २, १४०, ३ अशी उड्या मारत असेल तर भांडण घरातलंच आहे, नेटवाल्याला फोन करू नका. पहिली शांत आणि दुसरी उसळते आहे, तर दोष लाइन भरल्याचा किंवा बाहेरचा. एखादी सुटी उसळी सोडून द्या, कारण हे डबे पिंगला उत्तर द्यायला कधीमधी आळस करतात. ठरावीक अंतराने येणारी उसळी मात्र बहुतेक वेळा लॅपटॉपचं वायफाय आजूबाजूची नेटवर्क शोधत फिरतं म्हणून येते.

घरातल्या भांडणात पहिला आरोपी म्हणजे डब्याची जागा. बसवणारा तो मुख्य दाराच्या वर ठोकून जातो, कारण डक्टमधून आलेली वायर तिथेच संपते. गेम खेळणारा शेवटच्या बेडरूममध्ये, मध्ये स्वयंपाकघराची भिंत, फ्रिज आणि लोखंडी कपाट. त्यात फोन किंवा लॅपटॉप वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झ बँडवर चिकटलेला. संध्याकाळी टॉवरमध्ये वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यांची पंचवीस-तीस नावं दिसतात, आणि त्या बँडवर एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. ब्लूटूथ हेडफोन आणि मायक्रोवेव्हही तिथेच घुसतात. म्हणून दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि गेमचं यंत्र फक्त ५ गीगाहर्ट्झला जोडा. चॅनेल ‘ऑटो’वर सोडू नका, ३६ किंवा १४९ हाताने निवडा. ५२ ते १४४ ही चॅनेलं रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. तिथे रडारची चाहूल लागली की डबा चॅनेल सोडतो, आणि पुढचंही त्याच पट्ट्यातलं निघालं तर किमान ६० सेकंद नुसता ऐकत बसतो. मॅचमधलं अचानक ‘रीकनेक्टिंग’ कधीकधी हेच असतं.

खरा उपाय केबल, आणि त्यातही मेख आहे. स्वस्त कॅट ६ म्हणून विकली जाणारी वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असते. शुद्ध तांब्याची मागा. जोडल्यावर लॅपटॉपवर लिंक स्पीड बघा. दोन्ही टोकांना गिगाबिट पोर्ट असूनही १०० दिसत असेल तर बहुधा निळी किंवा तपकिरी जोडी क्लिपमध्ये नीट बसलेली नाही. शंभरला केशरी आणि हिरवी पुरते, गिगाबिटला चारही लागतात.

आता डब्याची खरी खोट. कुणाच्या तरी फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की अपलोडची रांग डब्यात साठते, आणि गेमचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. ८ एमएसचा पिंग दोनशेपार जातो, बॅकअप थांबवला की पुन्हा ८. वर सांगितलेली दुसरी खिडकी उघडी ठेवून एक मोठी फाइल अपलोड करून बघा, लगेच दिसेल. यावर औषध एसक्यूएम, म्हणजे राउटरमधली रांग आवरायची सोय: राउटर स्वतःच वेग लाइनच्या ९० टक्क्यांवर रोखतो आणि केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत प्रत्येकाला थोडं थोडं जाऊ देते. फुकटच्या डब्यांत ही सोय सहसा नसते. ‘क्यूओएस’ नावाचं (कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारं) बटण असतं, पण त्यात अपलोडचा आकडा टाकायला जागा नसेल तर ते शोभेचं.

म्हणून डब्याला फक्त ओएनटीचं काम ठेवून त्याला ब्रिज मोडमध्ये (डबा राउटरचं काम सोडून सिग्नल नुसता पुढे देतो) टाकायला सांगा, आणि मागे ओपनडब्ल्यूआरटी (एसक्यूएम देणारं मोफत राउटर-सॉफ्टवेअर) चालणारा आपला राउटर लावा. नेटवाल्याकडून पीपीपीओईचं (नेटवाल्याच्या लाइनवर लॉगिन करायचं) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक लिहून घ्या. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवा. ब्रिज न करता राउटर नुसता मागे खोचला तर डबल नॅट होतं, म्हणजे घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात एकदाऐवजी दोनदा बदलले जातात. लखलखत्या दिव्यांच्या ‘गेमिंग’ राउटरवर पैसे घालू नका, दिव्यांनी पिंग उतरत नाही.

नॅटचा प्रश्न सगळ्यांना नाही. सर्व्हरवर चालणाऱ्या गेमना त्याचं फारसं काही नसतं. दोन कन्सोल थेट एकमेकांशी बोलतात तिथे ‘स्ट्रिक्ट’ नॅट (बाहेरून येणारं कनेक्शन अडवणारं) आडवं येतं. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात दिसला तर तुम्ही नेटवाल्याच्या सामायिक पत्त्यामागे आहात. यूपीएनपी (गेमसाठी राउटरची दारं आपोआप उघडणारी सोय) कितीही चालू-बंद करा, फरक पडणार नाही. पब्लिक आयपी मागावा लागतो, बहुधा वेगळे पैसे देऊन.

फायबर आणि विजेचं थोडक्यात. ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकून उघडणाऱ्या पानावर आरएक्स पॉवर (डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) उणे २७ डीबीएमच्या खाली, म्हणजे उणे २८, २९ अशी गेलेली दिसली तर बहुधा वायर कुठेतरी दुमडली आहे किंवा हिरवं कनेक्टर मळलं आहे. पावसाळ्यात जोडपेटीत पाणी शिरलं तरी हेच होतं, तेव्हा तक्रारीत हा आकडाच सांगा. डबा आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी ॲडॅप्टर बदला. व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त.

लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत डबा बंद पडतो आणि उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस हे सांभाळतो. घेण्याआधी मात्र नेटवाल्याला विचारा की घरापर्यंत फायबर आहे की डक्टमधल्या स्विचवरून (अनेक घरांना नेट वाटणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या पेटीवरून) लॅनची वायर. घरापर्यंतच्या फायबरमध्ये (जीपॉन) एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही. स्विच असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर तुमचा यूपीएस नुसते दिवे लावून बसेल.